वाट पाहणारा वाचक

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि छत्रपती संभाजीनगरातल्या अभ्यासिकांमध्ये एक जुनाच प्रश्न नव्याने ऐकू येऊ लागला : रोज लिहायचे कसे? २०१२ पासून ही परीक्षा प्रामुख्याने चार पर्यायांतला एक गोल काळा करण्याची होती. जून २०२२ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवरची नवी पद्धत जाहीर केली. तिच्याविरुद्ध पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. ती सवलतही आता संपली. नऊ पेपर, १७५० गुण, आणि सगळे काही स्वतःच्या वाक्यांत. नद्यांची खोरी आणि राज्यघटनेची कलमे तोंडपाठ असलेली मुले कोऱ्या कागदापुढे अडतात. वाचण्याचा सराव वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा, आणि हा दुसरा आपण त्यांना शाळा-कॉलेजात कधी दिलाच नाही.

औरंगपुरा, उस्मानपुरा, टी.व्ही. सेंटर या भागांतल्या अभ्यासिकांत माझे जाणे होते, कारण मुले लिहिलेली उत्तरे दाखवायला बोलावतात. प्लायवूडच्या फळ्या घालून केलेले खण, प्रत्येक खणात दिवा, चार्जर, पाण्याची बाटली आणि समोरच्या फळीवर चिकटवलेला कागद. एका मुलाच्या अशा कागदावर ठळक अक्षरांत ‘उपजिल्हाधिकारी’ लिहिलेले होते, खाली ‘रोज दोन उत्तरे’ असा संकल्प आणि त्याखाली हाताने आखलेला महिन्याचा तक्ता. पहिल्या आठवड्याच्या चौकटींत बरोबरच्या ठसठशीत खुणा, दुसऱ्यात तुरळक, पुढे तक्ता कोरा. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला तीन मुली बसतात. एक सिल्लोडकडची, एक गेवराईची, एक घनसावंगीची. त्या दर रविवारी आपापली उत्तरे एकमेकींना देतात आणि बुधवारपर्यंत तपासून परत करतात. एकीच्या कागदावर दुष्काळनिवारणाच्या उत्तराशेजारी मैत्रिणीने समासात पेन्सिलीने लिहिले होते : ‘टँकर किती वाजता येतो ते लिही. तू गावची आहेस.’ पुढच्या आठवड्यातल्या उत्तरात टँकरची वेळ आली होती आणि शाळा बुडवून नंबर धरून बसलेली मुलेही आली होती. या तिघींनी फळीवर काहीही चिकटवलेले नाही. त्यांचे लिहिणे थांबलेले नाही.

हा फरक चिकाटीचा आहे असे मला वाटत नाही. तो मुलगाही पहाटे उठतो, रात्री अकरापर्यंत बसतो, घरून येणाऱ्या पैशांचा हिशेब जपून ठेवतो. फरक एवढाच की त्या मुलींच्या कागदांची रविवारी कुणीतरी वाट पाहत असते. लिहिण्याची सवय कशी लागते आणि कशी टिकते, याबद्दल आपल्याकडे जे काही बोलले जाते त्यात सगळा भार लिहिणाऱ्याच्या मनावर टाकलेला असतो. जिद्द धर, शिस्त लाव, ध्येय डोळ्यांपुढे ठेव. लिहिणे थांबले की दोषही त्याच्याच पदरात. माझे म्हणणे वेगळे आहे. लिहिण्याची सवय ही जितकी लिहिणाऱ्याची, तितकीच ती त्याच्या वाचकाची कमाई असते. दुधाचे दही होण्यासाठी विरजण बाहेरून घालावे लागते, तसे लिहित्या हातालाही बाहेरून काहीतरी मिळावे लागते : ठरलेला वार आणि त्या वारी कागदासाठी हात पुढे करणारा माणूस. हे ज्यांना मिळाले नाही त्यांना प्रेरणेची भाषणे ऐकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सवयीच्या शास्त्राबद्दल आधी थोडे बोलू, कारण त्याचे अर्धवट तुकडे सगळीकडे फिरतात. एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य आपल्या क्लासच्या भिंतींवरही दिसते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर नव्या रूपाशी जुळवून घ्यायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ गळाला, शस्त्रक्रियाही गळाली आणि उरलेला आकडा नियम होऊन बसला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. त्यात कृती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस होता, आणि माणसागणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, हेही त्यातून दिसले. पण त्या अभ्यासातल्या कृती कोणत्या होत्या? जेवताना फळ खाणे, पाणी पिणे, फिरायला जाणे. कालचा पाण्याचा पेला आणि आजचा पेला सारखाच असतो. कालचे पान आणि आजचे पान कधीच सारखे नसते. लिहिताना रोज नव्याने अडायला होते, म्हणून ते पाणी पिण्यासारखे आपोआप होईल ही आशाच सोडलेली बरी. रोज बसण्याची सवय लावता येते. बसल्यावर जे करायचे त्याला दर वेळी नव्याने कारण लागते.

हे कारण बाहेरून आले तर बिघडते का? रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यापीठांतल्या प्राध्यापकांवर यासंबंधी प्रयोग केले. लहर लागेल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा बाहेरच्या बंधनाखाली रोज लिहिणाऱ्यांचे लिखाण जास्त झाले, यात नवल नाही. महत्त्वाचे हे की नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. आधी सुचेल आणि मग लिहू, हा आपला क्रम उलटा आहे. लिहायला बसावे लागते म्हणून सुचते.

या गोष्टीचा सर्वांत मोठा पुरावा शोधायला लंडन-अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. तो याच शहरात, नागसेनवनाच्या परिसरात आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये इथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. मराठवाड्यात विद्यापीठ यायला अजून आठ वर्षे होती, ते २३ ऑगस्ट १९५८ ला आले. मिलिंदमध्ये खेड्यापाड्यांतून जी मुले आली, त्यांतल्या अनेकांच्या घरात त्याआधी कुणी अक्षर गिरवलेले नव्हते. म. भि. चिटणीस यांच्यासारखे प्राचार्य तिथे होते. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि मुलांनी ते खुद्द बाबासाहेबांपुढे केले. म्हणजे कॉलेज सुरू झाल्यावर काही वर्षांतच या मुलांना एक गोष्ट कळली होती : आपण जे करू ते पाहायला, ऐकायला कुणीतरी महत्त्वाचे माणूस समोर बसलेले असू शकते. पहिल्या पिढीच्या शिक्षिताच्या दृष्टीने ही जाणीव पाठ्यपुस्तकाइतकीच मोलाची असते.

या वातावरणातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. म. ना. वानखेडे यांच्यासारखे जाणते त्यामागे होते. लवकरच त्याचे नाव ‘अस्मितादर्श’ झाले आणि संपादनाची धुरा डॉ. गंगाधर पानतावणे यांनी उचलली. पानतावणे मूळचे नागपूरचे, जन्म २८ जून १९३७ चा. आधी मिलिंदमध्ये आणि नंतर विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी शिकवले. पण त्यांचे खरे आयुष्यभराचे काम म्हणजे हे त्रैमासिक. सुमारे पन्नास वर्षे त्यांनी ते चालवले. २००९ मध्ये सॅन होजे इथल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०१८ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला याच शहरात ते गेले.

‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला व्यासपीठ दिले, असे आपण एका वाक्यात म्हणतो आणि पुढे जातो. इथे थोडे थांबायला हवे. व्यासपीठ कुणालाही उभारता येते. अवघड असते ते दर तीन महिन्यांनी त्या व्यासपीठाला माणसे पुरवणे, आणि तीही अशी, ज्यांना आपण लेखक आहोत हे अजून ठाऊक नाही. गावातल्या शाळेत मास्तर असलेला, पोस्टात किंवा रेल्वेत नोकरीला लागलेला, वसतिगृहात राहणारा एखादा तरुण काहीतरी लिहितो. घरात ते वाचणारे कुणी नसते. शहरातल्या प्रस्थापित मासिकांना त्याची भाषा रांगडी आणि त्याचे जग अपरिचित वाटते. अशा माणसाच्या लिहिण्याचा शेवट एरवी ट्रंकेत होतो. त्रैमासिक असले की त्याच्यापुढे एक तारीख येते. जूनचा अंक गेला तर पुढचा येणार आहे, दिवाळी अंक येणार आहे, आणि औरंगाबादेत एक प्राध्यापक टपालाची वाट पाहत आहेत. वर्षातून एकदा ‘अस्मितादर्श’चा लेखक-वाचक मेळावा भरे, वेगवेगळ्या गावी. या नावातच वाचकाला लेखकाच्या शेजारी बसवलेले आहे. तिथे लिहिणारे एकमेकांना पाहत, ऐकत, भांडत आणि पुढच्या वर्षी काय घेऊन यायचे ते मनात धरून परत जात. दया पवार, यशवंत मनोहर, वामन निंबाळकर यांच्या पिढीने मराठीत जे उभे केले, त्याला अनुभवाची धग होती, विचारांचे बळ होते, हे तर खरेच. त्याबरोबर एक नियमित येणारा अंक होता, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. धग पुष्कळांना असते. ती कागदावर उतरायला तारीख लागते.

संपादकाच्या बाजूनेही हा प्रश्न पाहावा. वर्गणीदार तुटपुंजे, छपाईचा खर्च वाढता, जाहिराती नाहीत. नोकरी सांभाळून संध्याकाळी प्रुफे तपासायची. पन्नास वर्षे हे करताना प्रेरणा रोज सकाळी ताजी होत असेल, असे कुणी मानू नये. ज्यांचे लेख हातात आहेत त्यांना आपण शब्द दिला आहे, ही गोष्ट अंक काढायला भाग पाडते. लेखक संपादकामुळे लिहितात हे आपल्याला सहज दिसते. संपादकही लेखकांमुळे टिकतो.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखणीचा धडाही हाच आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. त्या काळात ते वकिली करत होते, मुंबईच्या विधिमंडळात होते, चळवळ उभी करत होते. हाताशी लेखनसाहाय्यक नव्हते आणि पैसा नव्हता. पाक्षिकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरावे लागतात, हे त्यांनी स्वतः वाचकांपुढे मांडले होते. त्यांच्या मराठी गद्याचा सर्वांत तेजस्वी भाग या रकान्यांत आहे. इंग्रजीतले प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाला मराठीत इतके लिहिण्याची सवड एरवी कधी मिळाली असती? सवड मिळाली नव्हतीच. पंधरवडा संपत होता आणि महाडहून परतलेले लोक वाट पाहत होते.

विनोबांचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती ऐकायला कैदी बसत आणि साने गुरुजी ती उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे अठरा रविवार. विनोबांचे चिंतन आधीपासून चाललेले होते, पण त्याला हा आकार दिला तो रविवारने, समोर बसलेल्या कैद्यांनी आणि वहीवर वाकलेल्या गुरुजींनी. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देते असे वाटेल. एकहाती, झपाट्याने, कसल्याही दैनंदिन नियमाशिवाय लिहिलेले पुस्तक. पण त्या पुस्तकाची घडण पाहा. ते रात्रींमध्ये विभागलेले आहे आणि प्रत्येक रात्री श्याम आपल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो. गुरुजींनी श्रोते आधी बसवले आणि मग आई सांगितली.

खरा प्रतिवाद दुसरीकडे आहे आणि तो टाळून चालणार नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने. तिथे त्यांचा वाचक कोण होता? वह्या सरकार परत देईल याचीही खात्री नव्हती. पुस्तक छापून आले ते १९१५ मध्ये. वाचकाविना, एकांतात, महाग्रंथ लिहिता येतो याचा हा निर्विवाद दाखला आहे. मात्र त्यामागे कित्येक वर्षांचे वाचन आणि वाद होते. ‘केसरी’च्या स्तंभांतून आठवड्यामागून आठवडे लिहिण्याचा पक्का सराव होता. आणि तुरुंगाने दिवसाचे वेळापत्रक त्यांच्यासाठी आखून ठेवले होते. ज्या हाताने मंडालेत पेन्सिल धरली, तो हात साप्ताहिकाने घडवलेला होता.

दुसरा दाखला मला अधिक अस्वस्थ करतो. बेबीताई कांबळे यांनी फलटणला किराणा-भाजीचे दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिले. वह्या कुणाच्या हाती लागू नयेत अशा जागी ठेवल्या आणि त्या सुमारे वीस वर्षे तशाच राहिल्या. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्झिन बर्नसन यांना त्यांच्याविषयी कळले, त्यांनी आग्रह धरला आणि मग ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले, १९८६ मध्ये पुस्तक झाले. वाट पाहणारे कुणी नसताना बेबीताईंनी लिहिले, हे त्यांचे थोरपण. पण त्या वीस वर्षांकडे मी गौरवाने पाहू शकत नाही. ती वीस वर्षे आपण, मराठी समाजाने, गमावली. बेबीताईंसारख्या आणखी कितीजणींच्या वह्यांपर्यंत कुणीच पोचले नाही, हे आता कधीही कळणार नाही. एखादी व्यक्ती सगळ्या अडथळ्यांना पुरून उरली म्हणून ते अडथळे इतरांनी सोसावेत, असा नियम करता येत नाही.

म्हणूनच प्रेरणेवरची पुस्तके मला अपुरी वाटतात. ती गृहीत धरतात की पहाटेचा एक तास प्रत्येकाच्या मालकीचा आहे. ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात कामाला जाण्याआधी घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे, ही गोष्ट या पुस्तकांत हटकून येते. त्याला पहाटे उठवून कॉफी देण्यासाठी नोकर होता, हेही त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. ते कुणी सांगत नाही. आपल्या शहरात पैठणचा नाथसागर पन्नास किलोमीटरवर असूनही कित्येक वसाहतींत नळाला पाणी आठवड्यातून जेमतेम एकदा येते, आणि ते पहाटे तीनला आले तर घर तीनला उठते. टाकी, पिंपे, बादल्या, मोटारीची पाळी. त्या दिवशी घरातल्या बाईची पहाट तिची नसते आणि बहुतेक वेळा तो पूर्ण दिवसही तिचा नसतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्या तरुणाची पहाट आठवड्याला बदलते. या माणसांना ‘साखळी तुटू देऊ नका’ असे सांगणे म्हणजे त्यांच्यासाठी हमखास अपयशाची सोय करणे. साखळी तुटणारच. ती तुटल्यावर माणूस पुन्हा कागदाकडे कशामुळे येतो, हा खरा प्रश्न आहे. तक्त्यातली कोरी चौकट माणसाला परत बोलवत नाही, उलट तिच्याकडे पाहवत नाही. मैत्रीण मात्र विचारते, ‘या आठवड्यात दोनच? बरं, दोन दे.’ म्हणून माझ्या मते रोजचा हट्ट धरण्यापेक्षा पक्का वार धरावा. रोज जमले तर उत्तम. आठवड्याचा वार मात्र चुकवू नये, कारण तो दुसऱ्याला दिलेला असतो.

वाचक म्हणजे नेमका कोणता, हेही स्पष्ट करायला हवे, कारण हल्ली वाचक खिशातल्या फोनमध्ये हजारांनी मिळतात. दोन ओळी टाकल्या की अंगठे येतात. ही वाट पाहणे नव्हे. ज्याने तुमचे कालचे वाचले, आजचे मागितले आणि कुठे फसले ते सांगितले, तो वाचक. तो एकच पुरतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. आपल्याला काय व्हायचे आहे हा संकल्प ज्यांनी इतरांना सांगितला आणि इतरांनी त्याची दखल घेतली, त्यांनी पुढे त्यासाठी कष्ट कमी केले. ‘मी कादंबरी लिहितोय’ हे जाहीर केले आणि चार जणांनी वाहवा केली की मनाला कादंबरीचा काही भाग हाती आल्यासारखे वाटते. म्हणून संकल्प सांगत फिरू नये. कागद द्यावा. उद्देश ऐकणारे शंभर असण्यापेक्षा पान मागणारा एक असणे बरे. त्या अभ्यासिकेतल्या मुलाचा फळीवरचा कागद येणारे-जाणारे सगळे वाचतात. त्याची उत्तरे मात्र कुणीच वाचत नाही. ध्येय उघड्यावर आणि लिखाण झाकलेले, हा मामला नेमका उलटा व्हायला हवा.

वाट पाहणाऱ्या माणसाचे आपल्या परंपरेतले सर्वांत सुंदर उदाहरण याच पंचक्रोशीतले आहे. एकनाथ पैठणचे. ते जनार्दनस्वामींकडे देवगिरीला, म्हणजे शहरापासून काही मैलांवरच्या आजच्या दौलताबादला, शिष्य म्हणून राहिले. गुरूंनी त्यांना हिशेबाचे काम दिले, एका पैची चूक रात्रभर जागून त्यांनी शोधून काढली आणि ती सापडल्यावर टाळी वाजवली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा खरी-खोटी कशीही असो, लेखनाची पूर्वतयारी म्हणून ती मला फार नेमकी वाटते. रोजचे कागद, रोजची तपासणी आणि सकाळी हिशेब पाहणारे गुरू. चतुःश्लोकी भागवतावरची पहिली टीका नाथांनी गुरूंच्या सांगण्यावरून लिहिली. पुढे अठरा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘एकनाथी भागवत’ पैठणला सुरू होऊन १५७३ मध्ये काशीला पुरे झाले. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. इतके अफाट काम करणाऱ्या या माणसाने आपल्या अभंगांवर सही काय केली? ‘एका जनार्दनी’. जनार्दनस्वामी गेल्यावरही ती बदलली नाही. ज्यांच्यापुढे पहिला कागद ठेवला, त्यांचे नाव शेवटच्या कागदापर्यंत सोबत राहिले.

हे सगळे सांगण्याचा हेतू लिहिणाऱ्यांना आणखी एक उपदेश करावा असा नाही. त्यांना उपदेश पुष्कळ मिळतात. मला बोलायचे आहे ते वाचू शकणाऱ्यांशी. या शहरात मराठवाडा साहित्य परिषद आहे, तिचे ‘प्रतिष्ठान’ १९५३ पासूनचे आहे. विद्यापीठ आहे, डझनांनी महाविद्यालये आहेत. त्यांतून निवृत्त झालेले मराठीचे, इतिहासाचे, अर्थशास्त्राचे शेकडो प्राध्यापक सिडको-हडकोत, समर्थनगरात, ज्योतीनगरात राहतात. त्यांच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर अभ्यासिका आहेत, आणि तिथल्या मुलांना उत्तरे तपासून घेण्यासाठी क्लासची फी भरावी लागते. ज्यांना ती परवडत नाही ते न तपासलेले कागद गठ्ठ्याने साठवतात. परीक्षेपुरतेच हे मर्यादित नाही. कविता लिहिणारी परिचारिका, गावाच्या पाण्याचा इतिहास जमवणारा ग्रामसेवक, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर दोन वर्षे अडकलेली संशोधक, सगळ्यांची गरज तीच आहे. सभा-संमेलने, पुरस्कार आणि व्याख्यानमाला आपल्याकडे भरपूर होतात, त्यांत व्यासपीठावर लेखक असतो आणि समोर वाचक. त्या सगळ्या खर्चाच्या आणि धावपळीच्या अंशभरात दर आठवड्याला पाने मागणारे पन्नास जाणकार या शहरात उभे करता येतील. त्यासाठी सभागृह लागत नाही. पानतावणे सरांनी हे काम टपालाने केले.

तुम्ही तीस-पस्तीस वर्षे शिकवले असेल, किंवा मनापासून वाचले असेल, तर ओळखीतल्या एका लिहिणाऱ्याला आज फोन करा आणि शनिवारी संध्याकाळी लिहिलेली दोन पाने घेऊन घरी यायला सांगा. पाने वाचा, समासात पेन्सिलीने लिहा, आणि तो दारातून बाहेर पडण्यापूर्वी पुढच्या शनिवारची वेळ ठरवा.